विमलला बिचारी म्हणू नका

अन्वी, नीरज,

विमलआजी गेली हे मी कळवलं तेव्हा अन्वी, तू उलट लिहिलंस, "सो ट्रॅजिक, आजी." तुझा हेतू चांगलाच होता. पण पाच आठवडे झाले, तो शब्द मनातून जात नाही, कारण कोपरीतल्या तिच्या शोकसभेतही मी तोच ऐकला. तिचा भाऊ बाळाराम माईक धरून म्हणाला, "बिचारी. तिच्या आयुष्याची शोकांतिका झाली." मी खुर्ची सरकवून निघून आले. या वयात इतकी चिडेन असं वाटलं नव्हतं... राग ताजा आहे तोवर नीट लिहून ठेवते.

डोंबिवलीच्या एका कॉलेजात विमलनं आणि मी सव्वीस वर्षं इंग्रजी शिकवलं. प्राचीन ग्रीक नाटकांचा पेपर तिचा. तिचं माहेर डोंबिवलीपलीकडे खाडीकाठच्या गावात, भातशेतीचं. वडील गेल्यावर त्या शेतावर एका बिल्डरची नजर पडली आणि तिघी बहिणींच्या सह्या हव्या झाल्या. याला हक्कसोड म्हणतात. बहिणींनी बापाच्या जमिनीवरचा हक्क सोडायचा, भावानं साडीचोळी करायची, माहेर शाबूत. जी सही करत नाही तिला दिवाळीला कुणी बोलावत नाही.

कल्याणच्या नोंदणी कार्यालयात मी विमलबरोबर गेले होते, ओळख पटवणारी साक्षीदार म्हणून. तीन साड्या बाळारामच्या गाडीत तयार होत्या. दोघी बहिणींनी न वाचता सह्या केल्या. विमलनं चष्मा लावला आणि पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. मागची रांग चुळबुळायला लागली. "राजीखुशीने हक्क सोडत आहे" या ओळीवर तिचं बोट थांबलं.

"कोनाची खुशी, दादा?"

"बाय गो, तुला काय कमी हाय? सई कर आन् मोकली हो."

"खोट्यावर सई नाय करत मी."

बाळारामचा आवाज चढला. "सई नाय, त घर बी नाय. आयेला पन भेटाचा नाय."

आई त्याच्याकडेच होती, अंथरुणाला खिळलेली. मी विमलचा दंड धरला. "अगं, आईसाठी तरी कर. एक सही तर आहे." ती वळून हसली. "आलीस का, कोरस! शहाण्यासारखं बोलायचं आणि कडेला उभं राहायचं." मग सगळं ऑफिस ऐकत असताना भावाला म्हणाली, "तू दार लावशील, माना ठाव हाय. आये भेटाची नाय, ता बी ठाव हाय. तरी नाय." पेनाला टोपण लावून तिनं ते त्याच्यापुढे ठेवलं.

त्या ग्रीक नाटकांत गावकऱ्यांचा एक घोळका असतो, तो कोरस. नायिकेला सबुरीनं घ्यायला सांगतो, हळहळतो, आणि जागचा हलत नाही. तिनं मला बरोबर ओळखलं होतं.

पुढे आठ महिने ती दर रविवारी गावी जाऊन बंद दारापुढच्या ओट्यावर बसायची. आतून आई हाक मारायची, "विमल आयली का गो?" एक सही केली असती तर दार उघडलं असतं, दर रविवारी. आई गेल्याचं तिला चिता विझल्यावर कळवलं. आणि तोच माणूस माईकवर बिचारी म्हणतो! त्या दाराची कडी कुणी लावली होती?

तीन दिवसांनी ती वर्गावर गेली. दार उघडं होतं, मी बाहेर उभी होते. एक मुलगी म्हणाली, "मॅडम, नायिकेचं नशीबच खराब ना." विमलनं डस्टर आपटलं. "खराब नशिबाची माणसं स्टेशनबाहेर शंभर दिसतील. नायिका ती, जिला मागे फिरायची वाट उघडी असते. जे गमवायचं तेच तिला सगळ्यात प्रिय असतं. ती किंमत स्वतःच्या तोंडानं, चारचौघांत सांगते आणि तरीही फिरत नाही. नंतर रडते. मोठ्यानं रडते." मग ती वर्गातच रडली.

ती हट्टी होती, हेही लिहायला हवं. आतून हाक मारणाऱ्या म्हातारीचा काय दोष होता? यावर मी तिच्याशी भांडले आहे. "तू बरोबर होतीस का?" विचारलं, तर म्हणाली, "नाटक ते कुठे सांगतं?" ... मुलांनो, म्हणून तिला बिचारी म्हणायचं नाही. बिचारी म्हटलं की तिनं काही केलं हेच पुसलं जातं, आणि तिच्याशी ज्यांनी केलं ते सुटतात.

मीही सुटले होते. तुमचा बाबा लहान असताना मी माझ्या भावांना हक्कसोड लिहून दिली. मला मोरपंखी साडी मिळाली. कागद मी वाचला नव्हता. मी, इंग्रजीची प्राध्यापिका! माझं माहेर अजून गोड आहे, असं सगळे म्हणतात.

विमलचा तो बिल्डर कधीच दुसरीकडे निघून गेला. परवा मी त्या शेताचा सातबारा, म्हणजे जमिनीचा सरकारी उतारा, मोबाईलवर उघडून पाहिला. सह्या केलेल्या दोघी बहिणींची नावं तिथे नाहीत. बाळारामच्या नावाखाली विमलचं नाव आहे.