भिंतीवरचं हरीण

धाकटा भाऊ सात वर्षांचा होता, मी तेरा-चौदाची; तो मला बाई म्हणायचा. सौंदडजवळच्या आमच्या गावात संध्याकाळी लाईन गेली की आई चुलीपाशी बसायची आणि मी मोबाईलची टॉर्च लावून पेटीवर उभी करायची. समोरच्या पांढऱ्या भिंतीवर हातांच्या सावल्या पडायच्या. दोन बोटं वर केली की ससा. अंगठे अडकवून पंजे पसरले की पाखरू. हरणासाठी मधली दोन बोटं अंगठ्याला टेकवायची, बाजूची दोन ताठ ठेवायची, ती शिंगं. भाऊ प्राणी ओळखायचा आणि त्याचा आवाज काढायचा. हरणाचा आवाज त्याला ठाऊक नव्हता, म्हणून नुसता नाकाने फुसफुसायचा. आई चुलीपाशी हसायची.

त्याच वर्षी धानाच्या कापणीच्या सुमारास तो चुकायला लागला. ससा केला तरी कुत्रा म्हणे, पाखरू केलं तरी कुत्रा. दोन-तीन दिवस मी ऐकून घेतलं, मग त्याच्या गालावर एक ठेवून दिली.

"मस्करी करून राहिला काय रे?"

तो रडला नाही. गाल धरून म्हणाला, "बाई, मले दिसूनच नाही राहिलं."

आईचा हात पिठात तसाच राहिला. अंधार पडला की तो बादलीला, बैलाच्या दाव्याला अडखळत होता, हे मग एकेक करून आम्हाला आठवलं. रातांधळेपणा असेल म्हणून आईने महिनाभर त्याला शेवग्याची भाजी आणि पपई खाऊ घातली. गोंदियाच्या डॉक्टरांनी नागपूरला पाठवलं. बाबांबरोबर मीही गेले.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी त्याच्या डोळ्यांत औषध घालून खूप वेळ तपासलं. मग त्याला बाहेर बसवून त्या बाबांना म्हणाल्या, "डोळ्याचा पडदा सुकत चाललाय. आधी अंधारात दिसत नाही, मग उजेडातही दिसेनासं होतं."

"औषध कोणतं घेऊ?" बाबांनी विचारलं.

"यावर औषध नाही," त्या म्हणाल्या.

आमचे बाबा फार बोलणारे नव्हते. परतीच्या गाडीत त्यांनी भावाला खिडकीशी बसवलं आणि बोलायला सुरुवात केली ते थांबलेच नाहीत. "तो तलाव पाह्य. बगळे पाह्य किती. ती बाई पाह्य, लाल लुगड्याची." भाऊ कंटाळला. म्हणाला, "बाबा, हे तर आपल्या गावाले बी आहे." बाबा म्हणाले, "असू दे. पाहून घे." मी तोंड फिरवून बसले.

पुढच्या तीन वर्षांत त्याची नजर आतल्या आत आक्रसत गेली. नागपूरच्या अंध मुलांच्या निवासी शाळेत त्याचं नाव घातलं. जायच्या आदल्या संध्याकाळी तो मला म्हणाला, "बाई, मले शिकव." मी त्याची बोटं धरून एकेक वाकवली, टेकवली. टॉर्च लावली. भिंतीवर हरीण उभं राहिलं, माझ्या हरणापेक्षा देखणं.

"आलं काय?"

"आलं."

"हालते काय?"

"हालते."

तो बराच वेळ हात तसाच टॉर्चसमोर धरून बसला. त्या सावलीकडे मी आणि आईच पाहत होतो.

आता तो तिकडेच मुलांना तबला शिकवतो. स्वतःचं जेवण स्वतः करतो, कुणाला हात धरू देत नाही. मला सासरी फोन करतो, बाबांच्या गुडघ्यांची चौकशी करतो. गेल्या पोळ्याला गावी आला होता, मीही माहेरी होते. आम्ही दोघं ओसरीवर बसलो होतो. तो सहज म्हणाला, "आई-बाबाचे तोंड आठवते मले. तुयं नाही आठवत आता, बाई. कितीक दिवस धरून ठेवलं होतं, पण गेलं."

घरी पाहुणे होते. भात उतू जात होता, मी उठून आत गेले.