बुटातला तांदूळ आणि दादाचा घण

जपानात नव्या वर्षाच्या दिवशी माणसं भाताच्या गोळ्यानं मरतात. तलवारीनं नाही, गोळ्यानं. हे मी गावात सांगितलं तेव्हा कुणी मानलं नाही. पुढं माझा सख्खा थोरला भाऊ त्याच गोळ्यानं निळा पडला, तेव्हा मात्र सगळे म्हणाले, हो हो, आपण ऐकलं होतं बुवा.

लढाई संपल्यावर आमची पलटण हरलेल्या जपानात पहाऱ्याला गेली. मी लांगरी, म्हणजे पलटणीचा स्वयंपाकी. परतताना दोन्ही बुटांत तिकडचा चिकट तांदूळ भरला आणि बूट गळ्यात अडकवून अनवाणी निघालो. मुंबईच्या धक्क्यावर एका गोऱ्या साहेबानं तपासायला म्हणून एक बूट हुंगला, तो तिथंच खाली बसला. दुसरा हुंगायची त्याची छाती झाली नाही. असा तो तांदूळ शेलूबाजारापर्यंत आला, आणि तिथून गावात.

गावात आलो त्याच सकाळी दादाशी जुंपली. आमच्या दोघांच्या वावरांमधला धुरा, म्हणजे बांध, मी नसताना दादानं नांगरून टाकला होता आणि हद्दीचे दगड माझ्या अंगाला दोन तासं, म्हणजे नांगराच्या दोन ओळी, आत सरकवून पुन्हा रोवले होते. मी विचारलं, हे काय. त्यानं उत्तर म्हणून बैल हाकायची टोकदार तुतारी माझ्या तोंडावर हाणली. मी नांगराचं रुमणं उपसलं. माझे पुढचे दोन दात धुऱ्यात पेरले गेले, त्याच्या कानाची पाळी फाटली, आणि मध्ये उभ्या असलेल्या बैलाला दोघांचाही प्रसाद मिळाला. तो बैल पुढं महिनाभर आम्हा दोघांकडे पाठ करूनच चरायचा.

मग ज्वारी हुरड्यावर आली. हुरड्याला वैरीही एकाच आगटीभोवती बसतात, तसे आम्ही बसलो. दादा त्या बाजूला, मी या बाजूला, मध्ये विस्तव. कणसं भाजली जात होती आणि मी जपान सांगत होतो. उन्हाळ्यात तिकडं वाम मासा खातात, सापाचा सख्खा मामेभाऊ. जिवंत असतानाच त्याचं डोकं फळीला खिळा ठोकून अडकवतात, उभा चिरतात आणि गोड रसात बुडवून निखाऱ्यावर धरतात. वसंतात भाताचे लाडू खारवलेल्या पानात गुंडाळतात. पाऊसकाळ सरला की डोंगरातली काटेरी फळं फोडून भातात शिजवतात. थंडीत मुळा इतका उकळतात की तो आपणहून शरण येतो.

"अन् कच्ची मासोळी?" कुणीतरी विचारलं.

"कच्ची काय, मी खाल्ली तिनं आधी माह्या जिभेले चावा घेतला."

दादा आगीत थुंकला. "कायचा जपानले गेला बे तू? कामठीच्या छावणीत कांदे सोलत बसला असशीन. दात नाहीत तोंडात, हवाच निंघून राह्यली नुसती."

लोक हसले. दात कुणी पाडले हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून जास्तच हसले.

मी म्हटलं, "करून दाखवतो. नव्या वर्षाचा पदार्थ. मोची." इथं हसून घ्या; गावानंही हसून घेतलं. "शिजलेला भात उखळात टाकतात. एक जण लाकडी घणानं कुटतो. दुसरा दोन घावांच्या मधात हात घालून गोळा पलटवतो."

दादाचं हसणं थांबलं. "घण मी मारतो," तो म्हणाला. "हात तू घाल. तुह्या हातानं गोळा झाला, तर धुरा होता तिथं. हात काढला तं वावरही माहं अन् जपानही बंद."

"मंजूर," मी म्हटलं. तोंड सवयीनं बोललं होतं; हाताला त्यानं विचारलं नव्हतं.

शेलूबाजारच्या सुतार चाचांनी बाभळीचा घण करून दिला. उचलून बघितला आणि म्हणाले, "बेटा, ये खाने का है या खून का?"

"अभी तय नहीं हुआ, चाचा."

ते बघायला स्वतःच आले.

संक्रांतीची कर होती. करीला चांगलं काम करत नाहीत म्हणून वहिनी, दादाची बायको, सकाळपासून बडबडत होती. पण तांदूळ तिनंच वाफवला. वाफाळता भात अंगणातल्या दगडी उखळात पडला. दादानं घण उचलला.

तिकडं कुटणारा आणि पलटवणारा दोघंही आळीपाळीनं हाक देतात. त्या हाकेवर हात वाचतो. दादानं तोंड मिटून घेतलं होतं. मी त्याच्या फाटक्या कानाकडे बघत राहिलो. घाव उतरायच्या आधी ती पाळी हलायची. घण आदळला, मी गोळा पलटला. पुन्हा आदळला, पुन्हा पलटला. अंगण हादरत होतं, कोंबड्या घराच्या आढ्यावर जाऊन बसल्या होत्या.

मग दादानं घण वर धरला आणि धरूनच ठेवला. पाळी हलली, घण आला नाही. मी हात घातला. तेव्हा आला.

करंगळीचा आवाज कपाशीच्या वाळक्या पळाटीसारखा झाला.

"हात काढतो म्हन," दादा म्हणाला.

"गार होऊन राह्यला गोळा. मार."

"दाजी, बास," वहिनी ओरडली. भाऊजी म्हणायची ती मला, त्या दिवशी घाईत काहीही म्हणाली.

दादानं मारलं. मी उरलेल्या चार बोटांनी पलटलं. असे किती घाव पडले ते चाचांनाच माहीत. शेवटी गोळा लोण्यासारखा गुळगुळीत निघाला, कडेला एक बारीक लाल रेघ. तेवढा भाग मी कोंबड्यांना टाकला. बाकीचा तिळगुळात लोळवला आणि पहिला लाडवाएवढा तुकडा दादापुढे धरला.

"चावून खाय. गिळू नको."

पण आमच्याकडची जेवायची रीत तुम्हाला ठाऊक आहे. भाकरीचा घास कालवणात बुडवायचा, घशाच्या तोंडाशी फेकायचा आणि वावराकडे पळायचं. चावायला वेळ बैलाला. दादानं घास फेकला.

आधी वाटलं, नखरे करतोय. मग डोळे बाहेर आले, ओठ निळे झाले. तो घण टाकून माझ्या सदऱ्याला झोंबला. त्या पकडीत भांडण नव्हतं. सगळं अंगण माझ्याकडे बघत होतं, कारण या मरणाची माहिती गावात एकट्या मला होती.

मी त्याला मांडीवर पालथा घातला आणि पाठीत बुक्की घातली. मग दुसरी. एक तुतारीची, एक दातांची, एक कांद्याची, करंगळीची तर दोन्ही हातांनी. आख्खं गाव "मार, अजून मार" म्हणत होतं. असं सुख पलटणीतही मिळालं नव्हतं.

"भाऊजी," वहिनी म्हणाली, "गोळा कव्हाचा निंघाला. तो पाहा, कोंबडी घेऊन गेली."

दुसऱ्या दिवशी सकाळी धुऱ्यावर दादा लोखंडी सब्बल घेऊन उभा होता. एका तासाएवढे मागं सरकवून दगड रोवले होते. पाठ धरून, बसक्या आवाजात म्हणाला, "एक तास घे वापस."

"ठरलं तं दोनाचं होतं."

"पयल्याच बुक्कीत निंघाला होता गोळा. बाकीच्या कायच्या होत्या?"

 मी चिंधी सोडून काळीनिळी, वाकडी करंगळी त्याच्या नाकापुढे धरली.  तो बाजूला थुंकला, सब्बल उचलली आणि रोवलेला पहिला दगड दुसऱ्या तासासाठी पुन्हा उपटायला वाकला.