धुक्यात वाजलेला डबा

१९५३ सालच्या पौष महिन्यात एका सकाळी, अफजलपूरजवळ भीमेच्या पात्रात, आमची शिडाची लहान नाव धुक्यात वाट चुकली. नावेत दोघेच होतो, नावाडी मल्लप्पा आणि मी. माझ्या मांडीवर थर्मास होता. त्यात बर्फ आणि बर्फात अक्कासाठी सोलापुरातून आणलेले पेनिसिलीन. मला वाढवणारी ही थोरली बहीण पाच दिवस न्यूमोनियाने तापली होती. बर्फ वितळायच्या आत औषध घरी पोचायला हवे, असे डॉक्टरांनी बजावले होते.

वडील गेल्यापासून मी इष्टलिंगाची पूजा सोडली होती. लिंग गळ्यात उरले होते ते अक्काच्या धाकाने. "पूजा करू नको, पण उतरवलंस तर जेवायला वाढणार न्हाई," ती म्हणायची.

मधल्या धारेत वारा पडला. ओले शीड काठीला चिकटले. वल्ह्याचे टोकही दिसेना. प्रवाह डाव्या हाताला ठेवून मल्लप्पा वल्हवत राहिला. बऱ्याच वेळाने, मघाशी मागे टाकलेले बाभळीचे खोड पुन्हा समोर आले. वाळूच्या बेटामागे पाणी उलटे फिरते. त्या उलट्या पाण्यालाच प्रवाह समजून आम्ही गोल फिरत होतो.

"माझं संपलं, अण्णा," मल्लप्पा म्हणाला. "आता तुमच्या गळ्यातल्याला विचारा."

"त्याचं माझं बोलणं बंद हाय."

"मग तुम्हीच आधी बोला की. दोघांत लहान कोण हाय?"

मी लिंग मुठीत धरले. काय मागावे ते सुचेना. 'तूच बघ,' एवढेच मनात आले. काही वेळाने उजवीकडून पत्र्याचा डबा वाजू लागला.

"पाखरं हाकलून जवारी राखायलेत," मल्लप्पा म्हणाला. "पलीकडं नुसता खडक हाय. जवारी आपल्याच काठाला."

त्याने आवाजाकडे नाव वळवली. बुडाला वाळू लागेपर्यंत डबा थांबला नाही.

काठावरच्या शेतात मचाणावर एक म्हातारी घोंगडी पांघरून बसली होती.

"आजी, धुक्यात पाखरं कुठली? डबा कामून वाजवायलाव?" मी विचारले.

"पाखरं कुठली, बाबा! थांबावं म्हणलं, पण आज हातच थांबंना."

तिच्या उत्तराचा अर्थ मी लावलेला नाही. मी तिच्या पाया पडलो. तोवर देवाकडे मी हट्ट घेऊन जात असे. त्या सकाळी रिकाम्या हाताने गेलो, एवढा फरक मला ठाऊक आहे.

दुपारच्या आत अक्काला पहिली सुई टोचली. चौथ्या दिवशी ती उठून बसली आणि तिने भाकरी मागितली.