मामांची किळस

"थू! लेकरं न्हाईत, डुकरं हैत!" आमच्या शाळेचे शिपाई दिवसातून कितीदा तरी असं म्हणून थुंकायचे. सगळे त्यांना मामा म्हणत. लोहाऱ्याच्या बाजूच्या आमच्या गावात स्वच्छतेचा एवढा सोस दुसऱ्या कुणाला नव्हता. तुम्ही बघायला हवं होतं, धुळीतून आले तरी धोतर पांढरंशुभ्र.

या सोसापायीच त्यांनी शाळेच्या संडासाला कुलूप घातलं होतं. तपासणीचे साहेब आले की मामा दार उघडून चकचकीत फरशी दाखवायचे. साहेब खूश! आणि पोरं? ती भिंतीमागं बाभळीखाली, अनवाणी. मग तशाच हातांनी खिचडी. मी त्या पोरांची बाई, रोज मामांच्या मागं लागायचे.

"मामा, उघडा की ते!"

"उघडतो की. घाण कोण काढणार, तुमी?"

कप्पाळ! जंताच्या गोळ्या वाटल्या जायच्या, पोरं त्या चावून खायची आणि दुसऱ्या दिवशी परत भिंतीमागं.

मामांची नात माझ्या वर्गात, तिसरीत होती. आईविना पोर, मामांचा जीव की प्राण. एकदा पाढे म्हणताना तिला उमासा आला आणि तोंडातून जंत लोंबायला लागला. वीतभर, पांढरट, वळवळणारा. शी! लिहितानाही अंगावर काटा येतोय. पोरं बाकांवर चढली, मी तोंडाला पदर लावून दारात. मामा धावत आले आणि त्यांनी तो दोन बोटांनी धरून ओढून काढला.

"आबा, आत अजून हैत का?" तिनं मामांचं धोतर घट्ट धरलं.

"हिच्या पोटात कुठून आलं हे, बाई?"

"भिंतीमागून!" मी चिडूनच म्हणाले. "तुमच्या कुलपामुळं."

मामांनी नातीला उचलून दवाखान्यात नेलं. दुसऱ्या दिवशी संडास उघडा होता.

मामांना भीती होती तेच झालं, पोरांनी आठवडाभरात तिथं उकिरडा केला. मामा नाकाला फडकं बांधून, धोतर खोचून घासायचे. "काय खाता रं मुडद्यांनो!" असा आतून ओरडा यायचा. मग नळाशी उभं राहून एकेकाचे हात साबणानं चोळायचे. मला हसू यायचं, आणि माया पण वाटायची.

मामा रिटायर झाले आणि त्याच हिवाळ्यात गेले. त्यांच्या जागी अजून कुणी आलेलं नाही.

परवा त्यांची नात भिंतीमागून येताना दिसली. मी तिचा हात धरला. "अगं, संडासात का नाही गेलीस?"

तिनं नाक मुरडलं. "शी, बाई! तितं लई घाण असती."