फक्त बोलण्याचा अधिकार

“तुमचा हात खाली घ्या. तुम्हाला मत नाही.”

समितीच्या अध्यक्षबाई माइकवरून बोलल्या. आवाज न चढवता, नजर कागदावर ठेवून. टेबलाभोवतीचे नगरसेवक हसले. मोठ्यानं नाही, नाकातल्या नाकात. मी हात खाली घेतला. मागे लोकांसाठी ठेवलेल्या खुर्च्यांवर माझी नऊ वर्षांची मुलगी बसली होती. तिनं सगळं पाहिलं.

हात का वर गेला ते सांगते. जर्मनीतल्या आमच्या या शहरात आमची वस्ती उंच इमारतींची. तुर्की, सिरियन, अफगाण आणि चार-दोन घरं आमची, भारतीयांची. वस्तीत मुलांना पोहायला शिकवायचा एक छोटा तलाव आहे. नगरपालिका तो बंद करायला निघाली होती. दुसरा तलाव शहराच्या पार त्या टोकाला, आणि तिथल्या वर्गात आमच्या मुलांचा नंबर लागता लागत नाही. शहराबाहेर नदी आहे, तळी आहेत. उन्हाळ्यात पोरं पाण्यात उतरणारच. शिकलेली नसली तर बुडणार. इतकं सरळ होतं ते.

मी बायराटवर निवडून आलेली. बायराट म्हणजे परदेशी रहिवाशांचं सल्लागार मंडळ. युरोपातल्या बाकीच्या देशांचे लोक इथे नगरपालिकेला मत देतात. आम्ही देत नाही. आम्ही कर भरतो आणि सल्ला देतो. नगरसेवकांच्या समितीत आम्हाला बोलता येतं, त्यापुढे काही नाही. हे मला पाठ होतं. तरी बाईंनी विचारलं, बंद करायच्या विरोधात कोण, आणि माझा हात आपसूक वर गेला. विरोधात होते मी. म्हणून गेला.

त्याआधी मी बोलले होते. ऑफिसातून आल्यावर रोज आरशासमोर उभं राहून तयारी केली होती. बोलून झालं तसं सगळ्यांनी बोटांच्या पेरांनी टेबल वाजवलं. इथे अशीच दाद देतात. अध्यक्षबाई म्हणाल्या, माझं जर्मन फार सुंदर आहे. मी विचारलं होतं, आमचाच तलाव का? त्याचं उत्तर कोणी दिलं नाही. मतदान झालं. तलाव गेला. पुढचा विषय झाडांच्या कुंड्यांचा होता.

बाहेर कॉरिडॉरमध्ये सगळ्यात मोठ्या पक्षाचा गटनेता भेटला. सभ्य माणूस. मी काहीही म्हटलं की “या, गेनाऊ”, म्हणजे हो, अगदी बरोबर, म्हणून मान डोलवणारा. खांद्यावर हात ठेवून म्हणाला, उन्हाळी महोत्सवाला तुमचे समोसे हवेतच, आणि यंदाही साडी नेसून या. तुमच्यामुळे आमचं शहर रंगीत होतं.

आमचं शहर.

दरवर्षी तळले होते मी ते समोसे. हात भाजेपर्यंत. मला वाटायचं, खाल्ल्या मिठाला तरी जागतील. डोक्यात तिडीक गेली. म्हटलं, “समोसे मिळणार नाहीत. साडीही नाही. तलावाचं उत्तर द्या.”

खांद्यावरचा हात निघाला. तो म्हणाला, “आल्झो, हे बघा, मनाला लावून घेऊ नका.”

“लावूनच घेणार आहे,” मी म्हटलं, आणि मुलीचा हात धरून निघाले. ट्राममध्ये तिनं जर्मनमध्ये विचारलं, मत नाही तर तू तिथे जातेस कशाला? दिवसभरात सगळ्यात जास्त लागलं ते हे.

घरी आल्यावर गावी बाबांना फोन केला. बाबा राखीव जागेवरून ग्रामपंचायतीत निवडून आले होते. बाकीच्यांना खुर्च्या, बाबांना दाराशी गोणपाट. सरपंच म्हणायचा, हात वर कर, की बाबा करायचे. त्यांना वर करायला सांगत होते, मला खाली. फरक एवढाच. मी सगळं सांगितलं. बाबा म्हणाले, “मला मत व्हतं बाय. ते मी त्यान्लाच देत ऱ्हायलो. पोट त्यांच्या हातात व्हतं. तुझं न्हाई.”

त्या आठवड्यात मी नवऱ्याला म्हटलं, “अहो, मी इथलं नागरिकत्व घेतेय.” ते म्हणाले, मग भारताचा पासपोर्ट परत करावा लागेल, कळतंय ना? कळतंय. ज्या संविधानानं बाबांना ती जागा दिली, त्या देशाचा पासपोर्ट. काळीज तुटतं. तुटू दे. रडून घेईन आणि देऊन टाकीन.

मग निवडणुकीला उभी राहणार. सल्ला द्यायला नाही. पडले तर पुन्हा उभी राहणार. ज्या दिवशी आत जाईन, त्या दिवशी पहिला प्रश्न तलावाचा. टेबलं वाजवा, जर्मनचं कौतुक करा, घड्याळाकडे बघा. उत्तर दिल्याशिवाय पुढचा विषय मी सुरू होऊ देणार नाही.