अण्णांच्या गाळ्यातला नकाशा

फुलवाले अण्णा जग आपल्या जिल्ह्यानं मोजायचे. अमेरिकेतलं ऱ्होड आयलंड हे राज्य केवढं, असं कुणी विचारलं की झेंडूचं क्रेट खाली ठेवून सांगत, "आपल्या नाशिक जिल्ह्यात तसली तीन-चार बसतील. उगा राज्य म्हणायचं." पण दुसऱ्या कुणी त्या राज्याला नावं ठेवलेली त्यांना खपत नसत. त्यांची एकुलती एक लेक सुनंदा तिथं एका दवाखान्यात नर्स होती.

मी शाळेत भूगोल शिकवतो, म्हणून दर रविवारी नाशिक रोडच्या त्यांच्या गाळ्यावर आमचा तास भरे. ऱ्होड आयलंडमध्ये नद्यांच्या पाण्यावर कापडाच्या गिरण्या चालत, त्या गेल्या, आता दवाखाने, कॉलेजं आणि पर्यटकांवर राज्य चालतं, असं मी सांगितलं. अण्णा म्हणाले, "म्हंजे त्यांचं बी एक मालेगाव होतं म्हणा." तिथल्या न्यूपोर्टला श्रीमंतांचे जुने बंगले लोक तिकीट काढून बघतात, याचं मात्र त्यांना हसू आलं. आपल्या गावात घर दाखवून वर चहा पाजतात, असं त्यांचं म्हणणं.

एकदा त्यांनी नकाशा मागितला. परीक्षांचे दिवस होते. मी घाईत राज्याची सीमा काढली, निळी पेन्सिल हातात होतीच, बाहेरचं सगळं निळं करून टाकलं. शेजारची राज्यं काढायचा कंटाळा केला. एखाद्या पोरानं असं केलं असतं तर मी मार्क कापले असते. अण्णांनी त्याला लॅमिनेशन करून गाळ्यात टांगलं. दसऱ्याला देवाबरोबर नकाशालाही हार पडे.

अण्णा होडीत कधी बसले नाहीत. लहानपणी सायखेड्याला होडी उलटून त्यांचा भाऊ गोदावरीत गेला होता. हे मला ठाऊक होतं.

सुनंदा दरवर्षी अण्णांना तिकडं बोलवायची, तिकीट काढते म्हणायची. अण्णांचं उत्तर ठरलेलं: दसरा होऊ दे. मग लग्नसराई, मग श्रावण. जगात झेंडू विकणारे तुम्ही एकटेच, अशी मी थट्टा करायचो. ते नुसते हसत.

गेल्या वर्षी अण्णा गेले. सुनंदा दहाव्याला पोचली. गाळा आवरताना तिनं नकाशा उतरवून माझ्या हातात दिला.

"विमानात बसंन म्हणायचे, पण पुढं होडीत नाय. दारापर्यंत गाडी येते, हे मी किती सांगितलं. तर म्हणायचे, मास्तरांनी नकाशा काढून दिलाय, चारी अंगाला पाणी हाय."

"मला विचारायचं होतं की त्यांनी," मी म्हणालो.

"तेही म्हटलं, सर. म्हणाले, मास्तरांना कसं विचारू? त्यांना वाटंल, माझा भरवसा नाय."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

आता वर्गात कुठल्याही राज्याचा नकाशा असला, तरी मी शेजारची जमीन आधी रंगवून घेतो. मुलं कुरकुरतात. अण्णांचा नकाशा माझ्या खणात आहे. परवा तपकिरी पेन्सिल घेऊन त्यावर बसलो होतो. लॅमिनेशनवर पेन्सिल उमटत नाही.