पुड्यांवरचं अक्षर

हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत त्यांना सगळे पट्टीवाल्या बाई म्हणत. बावीस वर्षं त्यांचं काम एकच. रुग्णाच्या लघवीतले, रक्तातले जंतू काचेच्या बशीत वाढवायचे, वर बारा औषधांच्या बारा इवल्याशा चकत्या ठेवायच्या आणि दुसऱ्या दिवशी पट्टी लावून मोजायचं. औषध लागू पडत असेल तर चकतीभोवती स्वच्छ गोल दिसतो. गोल नाही, तर ते औषध त्या जंतूपुढे निकामी. अशा औषधापुढे बाई लाल पेनाने फुली मारत.

नोकरीला लागल्या तेव्हा एका अहवालात दोन-तीन फुल्या असत. आता लाल पेन आठवड्याला संपत होतं आणि बाईंचा पारा कायम चढलेला.

"अहवाल हातात यायच्या आधीच डॉक्टर सगळ्यात जबरी औषध चालू करतात! मग मी इथे काय माशा मारते?"

औषधांच्या दुकानदारांवर तर त्यांचा विशेष राग. नवं औषध शोधता शोधता माणसांचे केस पांढरे होतात, आणि हे लोक चिठ्ठी न बघता तीन-तीन गोळ्या कापून लिमलेटसारख्या वाटतात. अर्धवट औषधाने जंतू मरत नाहीत, उलट निगरगट्ट होतात. बाईंचं काय चुकत होतं? काही नाही. पण ऐकतो कोण! घरी सासूबाई तर हसून म्हणायच्या, "दिवसभर जंतूंशी भांडतेस, उरलेलं आमच्यावर काढतेस."

त्याच सासूबाईंना वर्षात तिसऱ्यांदा लघवीची जळजळ सुरू झाली. या खेपेला ताप चढला, त्या बरळायला लागल्या आणि वॉर्डात भरती झाल्या. त्यांची बशी बाईंनी स्वतः लावली. ती वाचायची वेळ आली तेव्हा बाईंनी झाकण काढलं. जंतू चकत्यांना खेटून वाढले होते. अकरा फुल्या. एकाच चकतीभोवती गोल होता. बाईंनी तो तीनदा मोजला.

अहवाल घेऊन त्या तरातरा वॉर्डात गेल्या. वॉर्डाच्या डॉक्टरांनी तो चक्क वाचला आणि विचारलं, "यांनी आधी कुठली औषधं घेतली होती?"

"डॉक्टर, तुम्हीच लोक..." बाई तोंड सोडणार, तोच त्यांचे यजमान ओशाळून म्हणाले, "आईच्या कपाटातला डबा मी आणलाय."

बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा. आत कागदाच्या पुड्या, पुड्यांत अर्धवट कापलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या. प्रत्येक पुडीवर लाल पेनाने, सुरेख गोलसर अक्षरात लिहिलेलं: घसा. ताप. लघवीची जळजळ.

बाईंचा चेहरा उतरला. चार वर्षांपूर्वी सासूबाईंनी उरलेल्या गोळ्यांचा ढीग साठवला होता. फेकून द्या म्हटलं तर त्यांच्या डोळ्यांत पाणी. भांडण नको, निदान चुकीची गोळी तरी पोटात जायला नको, म्हणून बाईंनीच एका रविवारी नावं घातली होती. प्रयोगशाळेची सवय, नाव घातल्याशिवाय काही ठेवायचं नाही! पुढे त्यांनी तो डबा उघडून बघितलाही नाही. सासूबाई मात्र त्यात भर घालत राहिल्या. बरं वाटलं की गोळ्या बंद, उरलेल्या पुडीत. शेजारणींनाही त्यातूनच द्यायच्या. वर सांगायच्या, "आमच्या सूनबाईने नावं घातलीत, चूक कशी होईल?"

"कुणी लिहिलंय हे?" डॉक्टरांनी विचारलं.

बावीस वर्षं ज्यांच्यावर आगपाखड केली ते सगळे बाईंच्या डोळ्यांसमोर आले. त्यात आपणही होतो, याचा त्यांना भयंकर संताप आला.

"अक्षर माझं आहे," त्या म्हणाल्या.

उरलेलं एकमेव इंजेक्शन चालू झालं. ते मूत्रपिंडांना त्रास देतं, पण दुसरा मार्ग नव्हता. दहा दिवस द्यायचं होतं. चौथ्या दिवशी ताप उतरला. सासूबाईंनी सुनेला जवळ बोलावलं आणि हळूच म्हणाल्या, "आता मला बरं वाटतंय गं. डॉक्टरांना सांग, पुरे झालं. उरलेली इंजेक्शनं घरी ने, आणि तुझ्या त्या छान अक्षरात नाव घालून ठेव."

"एकही उरणार नाही, आई!" बाई एवढ्या जोरात ओरडल्या की अख्खा वॉर्ड वळून बघायला लागला.